बार कुठं थांबतो?

रब्बीचा हरभरा चार पानांवर आला की कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या पट्ट्यात बंदुकीचा विषय निघतो. पारावर निघतो, दूध संकलन केंद्रावर निघतो, कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर तर हटकून निघतो. कुणाचा हरभरा रात्रीतून खुडला गेलेला असतो, कुणाच्या मक्यात डुकरं लोळून गेलेली असतात. सैन्यातून निवृत्त झालेला एखादा हवालदार तिथं बसलेला असतोच. मग सल्ले सुटतात. सशाला एअरगन पुरे. छे, पॉइंट टू-टू पाहिजे. डुकराला बारा बोअर, तेही एल.जी. भरून. नाहीतर सरळ थ्री-फिफ्टीन घ्या, एका बारात काम. मोबाईलवर परदेशी शिकारीचे व्हिडिओ बघणारी पोरं मध्येच एखाद्या अशा रायफलीचं नाव टाकतात, जी जिल्ह्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नसते.

चर्चा रंगते, वाद होतात. पण सुटलेली गोळी थांबणार कुठं, हे कुणी विचारत नाही. जनावर किती मोठं, कातडी किती जाड, अंतर किती, हे सगळं नंतरचं. बोअर निवडताना पहिला हिशोब गोळीच्या शेवटच्या मुक्कामाचा करायचा असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या शिवारात हा हिशोब मांडायला बसलं, की बंदुकीबद्दलचे बहुतेक सल्ले एकेक करून गळून पडतात.

परदेशातला ससा, आपला ससा

इंग्लंडमध्ये हा प्रश्न खरोखरच शेतीचा आहे. तिथला रॅबिट जमिनीत बिळांचं जाळं करून कळपानं राहतो आणि कडेकडेनं पीक साफ करत येतो. १८८० च्या कायद्यानं तिथल्या कुळाला आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क मिळाला आणि १९५४ च्या कायद्यानं तर सशांचा बंदोबस्त करणं ही जमीन कसणाऱ्याची जबाबदारीच ठरली. म्हणून तिथं पॉइंट टू-टू रायफल हे शेतीच्या अवजारांपैकी एक आहे. ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची शिशाची गोळी, आवाजापेक्षा कमी वेगाची, नळीला सायलेन्सर, अंतर पन्नास-साठ मीटर. २००२ मध्ये पॉइंट वन-सेव्हन एचएमआर हे काडतूस आलं. गोळी १७ ग्रेनची, पण वेग दुपटीहून अधिक, त्यामुळे सव्वाशे मीटरपर्यंत नेम सरळ. कोल्ह्यासाठी त्याहून जोरकस काडतूस. तिथली निवड ही अशी पायरीपायरीची असते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी व्हिक्टोरियातल्या आपल्या जमिनीवर इंग्लंडहून आणलेले चोवीस ससे सोडले. पुढच्या काही दशकांत त्यांनी खंड व्यापला. बंदुका झाल्या, विष झालं, हजारो मैलांची कुंपणं झाली. ससे हटले नाहीत. १९५० मध्ये मिक्झोमा हा विषाणू सोडला तेव्हा कुठं त्यांची संख्या कोसळली. गोळी झाडायला पूर्ण मोकळीक असलेल्या देशातही सशाचा प्रश्न गोळीनं सुटला नाही.

आपल्या माळरानावरचा ससा या दोघांपेक्षा वेगळा. तो बीळ करत नाही. गवताच्या आडोशाला अंगापुरती खोलगट जागा करून दिवसभर दबून बसतो, रात्री एकटादुकटा चरायला निघतो. पाळीव पांढऱ्या सशाशी त्याचं नातं दूरचं. तो कळपानं येत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान शेतभर विखुरलेलं असतं आणि एका जागी दबा धरून त्याला गाठण्याची इंग्रजी पद्धत इथं मुळातच लागू पडत नाही.

आधी चोर ओळखा

नुकसान दिसलं की पहिलं नाव डुकराचं घेतलं जातं, दुसरं सशाचं. शेतात उकिडवं बसून तुटलेलं रोप हातात घेतलं तर खरा चोर कळतो. सशाला वरच्या जबड्यात पुढं धारदार दात असतात, म्हणून त्यानं खाल्लेल्या देठाला तिरका, ब्लेडनं कापल्यासारखा स्वच्छ छेद असतो. काळविटाला वरचे पुढचे दात नसतात. ते खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत शेंडा धरून हिसडा मारतं, त्यामुळे टोक फाटकं राहतं, धागे लोंबतात. डुक्कर खातं त्याहून जास्त नासवतं. भुईमुगाची ओळ मुस्कटानं उकरून काढतं, ऊस आडवा पाडून चघळतं आणि चोथा तिथंच टाकतं. उंदीर किंवा घूस असेल तर ऊस बुडाशी कुरतडलेला सापडतो आणि बांधाला बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण या चौघांचे कायद्यातले दर्जे वेगळे आहेत आणि उपायही. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात. ससा आणि रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. उंदीर उंदीरच. रात्रीच्या अंधारात, बॅटरीच्या झोतात चमकणाऱ्या दोन डोळ्यांवर बार टाकणाऱ्याला यातलं काय समोर आहे, हे कळलेलं असतंच असं नाही. झोतात डोळे दिसतात, अनुसूची दिसत नाही.

कायद्यानं आधीच निवडलेली बंदूक

कुठला बोअर घ्यावा याची चर्चा पारावर कितीही रंगली तरी तिचं उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तेराव्या कलमात लिहून ठेवलेलं आहे. पिकाच्या संरक्षणासाठी परवाना मागितला तर तो ठासणीच्या बंदुकीचा. ठासणीची पुरेशी नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. आणि पॉइंट टू-टू रायफल? तीही त्याच कलमात आहे, पण ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला, निशाण्याच्या सरावासाठी. सशासाठी जी रायफल इंग्लंडचा शेतकरी डोळे झाकून उचलेल, ती आपल्या कायद्यात शेतासाठी नाहीच.

या वर्गवारीमागं शेतकऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार होता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. १८५७ च्या उठावाची धास्ती खाल्लेल्या इंग्रज सरकारनं १८७८ च्या शस्त्र कायद्यानं देश नि:शस्त्र केला. भीती होती ती लांब पल्ल्याच्या, आटे असलेल्या नळीची. ती सैन्याकडं राहावी, रयतेकडं फार तर पाखरं उडवण्यापुरती ठासणीची असावी, असा तो हिशोब. थ्री-फिफ्टीन रायफलही त्याच हिशोबातून जन्मली. सैन्याची थ्री-नॉट-थ्री नागरिकाला मिळू नये आणि सैन्याची काडतुसं चोरून वापरता येऊ नयेत, म्हणून त्याच धाटणीच्या रायफलीला वेगळ्या, आठ मिलिमीटरच्या काडतुसाची नळी बसवली गेली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. तिची काडतुसं मात्र आपल्या दारातली. १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ती बनत आली, त्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असतात. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसंही तिथलीच.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, वर्गवारीचा सांगाडा तसाच राहिला. पण जुन्या संशयातून आलेली ही विभागणी नगरच्या भूगोलाला मात्र नेमकी लागू पडली.

नळीमागून नळी

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस आता दुर्मीळ झाला, पण पल्ल्याचा हिशोब तिथूनच सुरू होतो. गोफणगुंडा शंभर-दीडशे मीटरवर पडतो. पाखरं उठतात. पलीकडच्या शेतातला माणूस ओरडून शिवी देतो, इतकंच.

एअरगनची गोष्ट वेगळी. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा, एवढ्या मर्यादेतल्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. त्यामुळे ती खेळणं म्हणून घरात येते. पण वन्यजीव कायद्यातली शस्त्राची व्याख्या बोअर विचारत नाही. जाळं, फास, विष, चाकू, आकडा, जनावराला इजा करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात बसतं. परवान्याशिवाय विकत घेतलेल्या एअरगननं ससा किंवा तितर मारला, तर गुन्हा शिकारीचाच. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी आपणहून एअरगन जमा करण्याची मोहीम सरकारला चालवावी लागली, ती पाखरं संपत चालली म्हणूनच.

पॉइंट टू-टूबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. गोळी लहान, आवाज लहान, म्हणून धोका लहान, असं वाटतं. ही अडीच ग्रॅमची गोळी वर धरून सोडली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाते. त्यात ती मऊ शिशाची आणि कमी वेगाची, त्यामुळे कठीण पृष्ठभागावर उथळ कोनात आपटली की फुटत नाही, टप्पा घेऊन दिशा बदलते. नगरची जमीन बघा. वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, बांधावर रचलेले दगड, ओढ्यात उघडे पडलेले खडक. टप्पा खाणाऱ्या गोळीला याहून सोयीची जमीन शोधून सापडणार नाही.

थ्री-फिफ्टीनची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम. तिचा पल्ला काही किलोमीटरचा. सशाला ती मारली तर खाली उचलण्यासारखं काही उरत नाही. डुकराला ती चालते, पण आरपार गेल्यावर तिच्यात पुढचा एखादा जीव घेण्याइतका जोर शिल्लक असतो.

आता बारा बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. सहा नंबरचं काडतूस उलगडून बघितलं तर खाली पितळी टोपी, तिच्यात दारू, वर बूच आणि त्यावर अडीच मिलिमीटरच्या आसपासचे पावणेतीनशे ते तीनशे छर्रे. हे छर्रे तीस-पस्तीस मीटरपर्यंत कामाचे, त्यापुढं पांगतात आणि दोनशे मीटरच्या आसपास जमिनीवर पडतात. म्हणजे वेगळ्या काळात, वेगळ्या कायद्यात, सशासाठी नगरच्या शिवारात एखादी बंदूक सुचवायची झालीच असती, तर ती हीच. लांब जात नाही, हा तिचा गुण. त्याच बंदुकीत एल.जी. भरलं की हिशोब बदलतो. ते छर्रे नऊ मिलिमीटरचे, सातशे मीटरपर्यंत जाणारे. बंदूक तीच, काडतूस बदललं की धोक्याचं वर्तुळ तिप्पट-चौपट होतं.

शिवारात माणूस नाही अशी जागा

इंग्लंडमध्ये रायफल चालवणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो मागच्या आडोशाचा. जनावराच्या मागं मातीची टेकडी किंवा चढ असेल तरच बार टाकायचा, क्षितिजावर उभ्या जनावरावर कधीही नाही. तिथल्या शिकारीच्या उंच मचाणांचा अर्धा उपयोग दिसण्यासाठी आणि अर्धा गोळी खालच्या दिशेनं जमिनीत जावी यासाठी.

नगर जिल्ह्यात हा आडोसा शोधायचा कुठं? अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर बराचसा जिल्हा सपाट किंवा हलक्या उताराचा. आणि इथली माणसं फक्त गावठाणात राहत नाहीत. शेताशेतात वस्त्या आहेत, प्रत्येक वस्तीवर गोठा, ओटा, अंगणात झोपलेली माणसं. डिसेंबरात ऊसतोड मजुरांच्या कोपी पडलेल्या असतात, माळावर धनगराचा वाडा बसलेला असतो, आणि शेतीची वीज रात्रीची असेल तर मध्यरात्री उसात पाणी धरणारा माणूस उभा असतो. दीड किलोमीटर पल्ल्याची गोळी इथं कुठल्याही दिशेला सोडली तरी ती कुणाच्या तरी घराकडंच जाते.

उसाची तर आणखी वेगळी गत. लोणीच्या प्रवरा कारखान्यापासून १९५० च्या सुमारास जिल्ह्यात सहकारी साखरेचं युग सुरू झालं आणि बारमाही पाण्याखाली उसाचं दाट रान उभं राहिलं. डुकराला लपायला आणि बिबट्याला व्यायला त्याहून चांगली जागा नाही. उभ्या उसात दहा फुटांवरचं दिसत नाही. तिथं हलणाऱ्या पाचटावर बार टाकणं म्हणजे समोर डुक्कर आहे की दारं धरणारा गडी, हे न बघता चाप ओढणं. कोकणात ठासणीच्या बंदुका घरोघर असलेल्या भागांत सोबत्याचीच गोळी लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक अशाच हललेल्या झुडपाच्या असतात.

दहा किलोमीटरचं वर्तुळ

परवान्याचा रस्ता धरला तरी नगरमध्ये तो सरळ जात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही, आणि त्या पट्ट्यातल्या जुन्या परवानाधारकानं नाव नोंदवायचं असतं. आता जिल्ह्याचा नकाशा घ्या. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, १९८० चं, क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. पण त्याच्याभोवतीचं दहा किलोमीटरचं वर्तुळ कितीतरी गावं कवेत घेतं. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड. शेवगाव-नेवाशाच्या कडेला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य. आणि १९७९ चं माळढोक अभयारण्य, जे जाहीर झालं तेव्हा सोलापूर आणि नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं आणि पुढं छाटावं लागलं. ही वर्तुळं काढली की लक्षात येतं, ज्या कर्जत-श्रीगोंद्यात बंदुकीची चर्चा सर्वांत जोरात असते, तिथंच नवा परवाना सर्वांत अवघड.

ज्यांच्याकडं जुनी बंदूक आहे त्यांनाही ती ऐन वेळी हाताशी मिळेलच असं नाही. निवडणूक लागली की अनेकांना परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ मध्ये नगरला लोकसभेचं मतदान १३ मे रोजी झालं, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. नोव्हेंबर म्हणजे रब्बीची पेरणी नुकतीच झालेली, कोवळे कोंब वर आलेले. कायद्यानं पिकासाठी दिलेली बंदूक नेमकी पीक धोक्यात असताना ठाण्याच्या कपाटात.

मारण्याची परवानगी

पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारताच येत नाही, असं नाही. कायद्याच्या ११ व्या कलमानुसार दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झालं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून, लेखी हुकमानं त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, बाबतीत ही प्रक्रिया शेतकऱ्यापर्यंत आणण्याचा प्रयत्न केला. पण परवानगी मिळाल्यावरही बार टाकणारा परवानाधारक लागतो, आणि मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असते. रश्श्याच्या आशेनं यात उतरणाऱ्यानं हे आधीच ध्यानात ठेवावं. स्वत:चा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूनं जनावर मारलं तर तो गुन्हा नाही. हे संरक्षण जिवाला आहे, हरभऱ्याला नाही.

दुसरा रस्ता ६२ व्या कलमाचा. केंद्र सरकार एखाद्या भागापुरता, एखाद्या मुदतीपुरता एखादा प्राणी उपद्रवी म्हणून जाहीर करू शकतं. पूर्वी कायद्याला अशा प्राण्यांची पाचवी अनुसूचीच होती. उंदीर, घुशीसारखे कुरतडणारे प्राणी, कावळा आणि फळं खाणारी वटवाघळं तिच्यात होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादी काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवी रचना लागू झाली. ६२ वं कलम काय करू शकतं याचा धडा बिहारनं दिला. डिसेंबर २०१५ मध्ये तिथं काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर उपद्रवी जाहीर झाले. जून २०१६ मध्ये मोकामाच्या टाल भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त रोही मारले. पर्यावरण खात्याचे मंत्री तेव्हा पुण्याचे प्रकाश जावडेकर होते. त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या मनेका गांधींनी जाहीर टीका केली. राज्यांनी मागणी केली म्हणून परवानगी दिली, अशी जावडेकरांची बाजू होती. दोन मंत्र्यांचं भांडण देशानं पाहिलं, पण मोकामाच्या शेतकऱ्याच्या पुढच्या हंगामाची बातमी कुणी केली नाही.

गोळी हा शेवटचाच उपाय असतो, तेव्हाही ती किती अवघड असते हे नगरनं २०२० मध्ये जवळून पाहिलं. त्या ऑक्टोबरात पाथर्डी तालुक्यात मढी, केळवंडी, शिरापूरच्या परिसरात बिबट्यानं लहान मुलं उचलून नेली. पिंजरे लागले, गावं संध्याकाळी दारं लावून घेऊ लागली. डिसेंबरात शेजारच्या करमाळ्यात बिबट्यानं तीन बळी घेतले, तेव्हा त्याला ठार मारण्याचा हुकूम निघाला. वनखात्याची पथकं, श्वानपथक, ड्रोन, नेमबाज असा सगळा ताफा लागला आणि १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात अकलूजच्या धवलसिंह मोहिते पाटील यांच्या गोळीनं तो पडला. इतकी तयारी, इतकी माणसं, एका जनावरासाठी. रात्री एकट्यानं बॅटरी आणि बंदूक घेऊन बांधावर जाणाऱ्यानं यातून आपला हिशोब करावा.

ज्याला गोळी लागत नाही

शेताचं सर्वांत मोठं नुकसान करणाऱ्या चोराला कुठलाच बोअर उपयोगाचा नाही. उंदीर आणि घूस. त्यांच्यासाठी कृषी खात्याची जुनी पद्धत आजही सर्वांत खात्रीची आहे. आधी दोन-तीन दिवस बिळाच्या तोंडाशी नुसता भरडा ठेवायचा, म्हणजे उंदराचा संशय जातो. मग ९६ भाग भरडा, २ भाग तेल आणि २ भाग झिंक फॉस्फाईड असं आमिष बिळात खोलवर घालायचं. आधीचे दिवस चुकवले तर एक-दोन उंदीर मरतात आणि बाकीचे त्या वासालाही फिरकत नाहीत. हे काम एकट्याच्या शेतात करून भागत नाही, सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात करावं लागतं.

विषापेक्षा स्वस्त फौजही आहे. घुबड, धामण, खोकड, रानमांजर. आणि अकोल्याचा बिबट्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात तिथल्या बिबट्याच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनानं ३९ टक्के. उरलेल्यात शेळ्या, मांजरं आणि डुकरं, आणि रानातल्या भक्ष्यात उंदीरही. भीतीपोटी ही फौज मारली की उंदरांचं फावतं.

बंदूक नसलेल्यांचे बार

परवाना नाही, परवानगीला वेळ लागतो, म्हणून माणसं जे करतात ते बंदुकीहून वाईट. कुंपणाच्या तारेत सरळ लाइनचा करंट सोडला जातो. त्यानं डुक्कर मरतं, कुत्रं मरतं, शेजारचा माणूस मरतो, कधी करंट सोडणाराच मरतो. डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवला जातो आणि तो गाय चावते. पीव्हीसी पाइपात कार्बाइड घालून आवाज काढणारी बंदूक राखणीसाठी निघाली आणि फटाका म्हणून पोरांच्या हातात गेली. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात शेकडो मुलांच्या डोळ्यांना तिनं इजा केली.

शिकारीच्या गुन्ह्यात पकडलं जातं ते मात्र बहुधा फासेपारध्याला. १८७१ च्या कायद्यानं जन्मत:च गुन्हेगार ठरवलेली आणि १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून कागदोपत्री सुटलेली ही जमात. तितर-सशाला फास लावणं हेच तिचं पिढीजात पोट. त्याच्या फासाची माहिती ठाण्यात लगेच पोचते. बागायतदाराच्या तारेतल्या करंटची नोंद ‘अपघात’ म्हणून होते. कायदा दोघांनाही एकच आहे, नजर एक नाही.

मग करायचं काय

सल्ला द्यायचाच तर तो बोअरचा देऊ नये. बॅटरीवरच्या झटका मशीनचं कुंपण जनावराला हिसका देतं, जीव घेत नाही. कोवळ्या पिकाचे पहिले वीस-पंचवीस दिवस सशाला जाळीनं अडवता येतं, त्यापुढं हरभरा स्वत:ला सावरतो. डुकरांचा माग लागला की तुटलेल्या पिकाचे फोटो आणि सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात वेळेत तक्रार करावी, पंचनाम्याचा आग्रह धरावा. भरपाई कमी आणि उशिरा मिळते हे खरं, पण नोंदच नसेल तर शासनाच्या लेखी ते नुकसान झालेलंच नसतं, आणि उद्या मारण्याची परवानगी मागायची वेळ आली तर तिला आधार उरत नाही.

शासनाकडं मागायचं असेल तर दिवसाची वीज मागावी. शेतीला सौर फीडरवरून दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या प्रकल्पांत याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी होतं. ती वीज प्रत्येक मोटारीपर्यंत पोचली तर मध्यरात्री उसात उभं राहणाऱ्या माणसाची संख्या घटेल, बिबट्याशी गाठ पडणं घटेल आणि अंधारात बार टाकण्याचं निमित्तही घटेल. पंचनाम्याला मुदत, भरपाईला पिकाचा खरा भाव आणि जिथं डुक्कर मारणं खरंच अटळ आहे तिथं वनखात्यानं नेमलेला, शिकवलेला, उत्तरदायी नेमबाज. केरळनं २०२२ पासून रानडुकरांबाबत असे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. त्यातल्या त्रुटींसह तो प्रयोग महाराष्ट्रानं अभ्यासावा.

आणि पारावर पुन्हा बोअरची चर्चा रंगली, तर बोलणाऱ्याला हात धरून त्याच्याच बांधावर न्यावं आणि चारी दिशांना दीड किलोमीटरच्या आत किती घरं दिसतात ती मोजायला लावावीत. तेवढी घरं मोजून झाल्यावरही ज्याला रायफल घ्यावीशी वाटेल, त्याला परवाना न देण्याइतकं शहाणपण जिल्हाधिकारी कार्यालयात असायला हवं.